सरांच्या दोन्ही कानांवरचा तीळ

आमच्या फोटो स्टुडिओत एक काळा कोट आहे, आणि तो फक्त पुढून आहे. पाठीवर आम्ही तो उभा उसवून ठेवलाय, म्हणजे बारीक गिऱ्हाइकाला चिमटे लावून आवळता येतो आणि जाड्याला मोकळा सोडता येतो. पासपोर्टच्या फोटोत पाठ येत नाही, त्यामुळे आजवर कुणाची तक्रार नाही.

फोटो काढायचं काम माझ्या नवऱ्याचं. गिऱ्हाइकाची हनुवटी वर-खाली करायचं काम माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या गिऱ्हाइकाला माणसात आणायचं काम माझं. मी मुरूम पुसते, डोळ्यांखालची वर्तुळं घालवते, टकलाची चकाकी कमी करते. हे सगळं चालतं जुन्या डार्करूममध्ये, आणि डार्करूमला खिडकी नसते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी उन्हात काढलेले फोटो पाहते, ऊन पाहत नाही.

म्हणून शेजारचा गाळा रिकामा झाल्यावर मी हटूनच बसले. त्या गाळ्याला रस्त्याकडे चांगली मोठी खिडकी आहे. अण्णांनी कबूल केलं की साठवलेल्या पैशांतून अनामत भरायची, गाळा घ्यायचा आणि खिडकीशी माझं टेबल लावायचं. मी मनातल्या मनात टेबलावर पेनांचा डबासुद्धा ठेवून मोकळी झाले होते. आणि नेमके तेव्हाच अण्णांच्या फोनमध्ये सर उगवले.

सर क्रिप्टो शिकवायचे. अण्णांना ते रोज सकाळी ‘आदरणीय अण्णा’ म्हणून निरोप पाठवायचे. घरात आदरणीय म्हणून कुणी हाक मारत नसल्यामुळे अण्णा पहिल्याच दिवशी विरघळले. सरांनी सांगितलं म्हणून त्यांनी थोडे पैसे पाठवले, आठवड्याभरात ते सव्वापट होऊन परत आले. मग सर म्हणाले, आता मोठी रक्कम घाला, दुप्पट करून देतो, पण संधी दोनच दिवस आहे.

“अण्णा, दुप्पट काय झाडाला लागतं का?” मी विचारलं.

“सूनबाई, मी उभा जन्म माणसांच्या हनुवट्या सरळ केल्यात. चेहरा बघून माणूस कळतो मला. हा बघ.” त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. कोटातला, भरल्या गालांचा, शांत डोळ्यांचा गृहस्थ.

आता खरं सांगायचं तर माझ्यासमोर पडद्यावर तेव्हा एक नवरदेव होता, आणि त्याच्या भुवया जुळता जुळत नव्हत्या. मी अर्ध्या डोळ्याने फोनकडे पाहिलं आणि म्हणाले, “चेहरा तर सज्जनाचा वाटतो.” उचलली जीभ लावली टाळ्याला. नवरा डोकावून म्हणाला, “ओळखीचा वाटतो. टीव्हीवर येत असतील.” झालं, अण्णांना दोन साक्षीदार मिळाले.

“मग गाळा?” मी विचारलं.

“पैसे दुप्पट झाले की दोन गाळे घेऊ. दोन खिडक्या.”

मला एकच हवी होती. त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही आणि एका बिचाऱ्या गिऱ्हाइकाचे मुरूम रागाने तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कळस केला. पैसे संध्याकाळी पाठवायचे होते, पण त्याआधी त्यांना सरांचा फोटो मोठा करून काउंटरमागे लावायचा होता. “गुरू आहेत, मान द्यायला नको?” असं म्हणून त्यांनी तो फोटो मलाच पाठवला. माझी खिडकी गिळणाऱ्या माणसाला फ्रेम मीच करायची.

दात-ओठ खात मी फोटो पडद्याएवढा मोठा केला. लहान फोटो ताणला की ठिपके दिसतात, म्हणून कडेकडेने साफ करत गेले. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ होता. उजव्या कानाच्या पाळीवरही तीळ होता. त्याच उंचीवर, तेवढाच. मी खुर्चीत मागे सरकले, कारण असा कान देव करत नाही. असा कान मी करते.

आमचे एक मामा आहेत, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. स्वभावाने गोड, पण त्यांच्या हाती गेलेली वस्तू परत येत नाही. आमची शिडी, दोन छत्र्या आणि कुकरचं झाकण त्यांच्याकडे आहे. झाकण एकटं कशाला नेलं, हे आजवर कळलेलं नाही. त्यांच्या धाकाने आम्ही आरशाजवळचा कंगवा दोरीने बांधलाय. तर दुकानाच्या वेबसाइटवर टाकायला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा नमुना हवा होता, तेव्हा मामा रिकामे बसले होते. त्यांना कोट घातला. मी त्यांचे गाल भरले, केस दाट केले, डोळ्यांत चमक घातली. उजवा कान वाकडा होता म्हणून काढून टाकला आणि डावाच कान उलटा करून तिथे बसवला. तीळ पुसायचा राहिला.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. सर म्हणून जो कुणी होता, त्याने आमच्याच दुकानातून मामांचा ‘नंतर’ चोरला होता.

मी बाहेर येऊन सगळं सांगितलं. अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, “शक्य नाही. सरांच्या डोळ्यांत प्रामाणिकपणा आहे.”

“तो मीच घातलाय, अण्णा.”

नवऱ्याने मामांना बोलावून घेतलं. मामा आले, कोट घालून स्टुलावर बसले, आणि आम्ही फोन त्यांच्या गालाशी धरला. अण्णा कधी फोनकडे बघत, कधी मेव्हण्याकडे.

“थोडं साम्य आहे,” ते म्हणाले. “पण हे सर आहेत आणि हा तो आहे.”

“भावोजी, माझा चेहरा वापरून धंदा चाललाय तर माझा काही हिस्सा?” मामांनी विचारलं.

घड्याळ पुढे सरकत होतं. सरांचे निरोप येत होते की संधी संपत आली, आदरणीय अण्णा. शेवटी मी अण्णांसमोर हात जोडले. “एकच करा. सरांना म्हणावं, आजचं वर्तमानपत्र हातात धरून एक फोटो पाठवा. खरे असतील तर क्षणाचं काम आहे.”

अण्णांनी तसं लिहिलं. बराच वेळ काही आलं नाही. मग फोटो आला. वर्तमानपत्र धरलेला एक धिप्पाड देह, आणि त्यावर मामांचं तेच डोकं, दोन्ही तिळांसकट.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला.

“तोंडावर उजेड डावीकडून आहे,” ते म्हणाले, “आणि शर्टावर उजवीकडून.”

त्यांनी फोटो बोटांनी आणखी मोठा केला.

“मानेची कडसुद्धा घासली नाही. आणि याला मी पैसे देणार होतो?” फसवणुकीचं त्यांना तितकं लागलं नाही, पण असलं गबाळं काम आपल्यासमोर ठेवलं, हा अपमान त्यांना सोसवेना. त्यांनी सरांना उजेडावर लांबलचक निरोप लिहिला आणि मग नवऱ्याकडून तो नंबर बंद करवला. पैसे बँकेतच राहिले. मी आत जाऊन डार्करूममध्ये थोडी रडले, कारण तिथे कुणाला दिसत नाही.

गाळा आम्ही घेतला. टेबल लावायला मामाही आले होते, म्हणजे एका कोपऱ्यात उभं राहून सूचना करत होते, आणि काम संपताच निघून गेले. मी पेनांचा डबा ठेवला, खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा माझ्या खिडकीतून बाहेर पाहिलं. कोवळं ऊन होतं. रस्त्यावरून एक माणूस ऐटीत चालला होता, अंगात काळा कोट, आणि कोटाची पाठ मधोमध उघडी, आतला बनियन साऱ्या रस्त्याला दाखवत.

“अण्णा,” मी म्हणाले, “मामा आपला कोट घेऊन चालले.”

अण्णा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चष्मा नाकावर नीट बसवून त्यांनी त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “कोण नेतोय ते तरी दिसतंय.”