तीस सेकंदांचा फोटो

आजारी बाबांचा एक तरी धड फोटो मला हवा होता. फ्लॅश त्यांना सोसत नसे, म्हणून संध्याकाळी उशाजवळच्या दिव्यावरच, ट्रायपॉड लावून, शटर तीस सेकंद उघडं ठेवायला मी शिकत होते. पहिल्या तिन्ही फोटोंत उशी स्पष्ट आली. छातीवरची चादर मात्र धूसर.

"बाबा, हलू नका ना."

"श्वास घेतोय गं. तेवढी तरी सूट दे," ते डोळे मिटूनच म्हणाले.

चौथ्यांदा शटर दाबून मी आकडे मोजले. या फोटोत चादरीची प्रत्येक चुणी रेखीव दिसत होती.

"जमलं, बाबा."

ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा स्क्रीनवरची चादर पाहिली. पलंगाकडे बघायला मला बराच वेळ लागला.