एकदाच विचारलं

मच्छिंद्रआबांच्या पायाला महिनाभर भिंगरी लागली होती. सोनईतल्या लोकांना वाटायचं, म्हातारा उसाच्या तोडीसाठी हेलपाटे घालतोय. खरं तर तो जपानी जेवणामागे फिरत होता. नगरला सावेडीत भाताच्या वळकट्या खाऊन झाल्या. त्यांना समुद्राचा वास येतो, एवढं कळलं. राहुरीत रामेन नावाच्या शेवया काड्यांनी खाताना पांढऱ्या शर्टाची पार वाट लागली. आज तिथल्याच कृषी विद्यापीठाजवळ प्रणिता नावाच्या पोरीच्या छोट्याशा हॉटेलात ते ओसाकाकडचं ओकोनोमियाकी खायला आले होते. त्यांचा मुलगा ओंकार जपानात, ओसाकाला नोकरीला आहे.

झालं होतं असं, की दिवाळीत ओंकारनं फोनवर विचारलं, "आबा, आई गेल्यापासनं तुमी एकलंच पडलाय. माझ्याकडं येऊन राहता का?"

"नको रे बाबा, तिकडलं खानं मला न्हाई जमायचं," आबा म्हणाले.

आता आपल्याकडे पहिल्या फटक्यात 'हो' कोण म्हणतं? जावई ताटावर हात आडवा धरतो, तेव्हाच वाढणाऱ्याला जोर चढतो. आपण 'नको' म्हणायचं, पुढच्यानं गळ घालायची, मग नाइलाज झाल्यासारखी मान डोलवायची. आबांनी आपलं काम चोख केलं. पोरानं मात्र "बरं" म्हणून विषय सोडला, आणि तेव्हापासून आबांचा जीव टांगणीला लागला. दर रविवारी फोन यायचा. ऊस, पाणी, बीपीची गोळी, सगळं निघायचं, ते एक सोडून. पुन्हा विचारलं तर खाण्याची अडचण उरायला नको, म्हणून ही सगळी खटपट चालली होती.

प्रणितानं ताटली आणली. भरपूर कोबी घातलेलं जाडजूड धिरडं, वर गोडसर काळी चटणी. आबांनी भीतभीत घास घेतला आणि चाटच पडले. चांगलं होतं की! बघता बघता ताटली साफ झाली.

"काका, आणखी एक आणू?" प्रणितानं विचारलं.

"नको, नको."

"बरं," म्हणून ती खरंच निघून गेली.

आबा बघतच राहिले. पोटात भूक तशीच होती. त्यांनी मनातल्या मनात तिला दोन शिव्या हासडल्या. मग वाटलं, तिचा काय दोष? तिनं विचारलं, आपण नको म्हणालो. ओंकारलाही 'नको' म्हणजे नकोच, असं वाटलं असेल तर? मग तो उभ्या जन्मात पुन्हा विचारायचा नाही.

त्यांनी तिथूनच फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ओंकार घाबरला. "आबा, काय झालं? बरं हाय ना?"

"मला तुझ्याकडं यायचंय," आबा म्हणाले. स्वतःच्या तोंडानं असं मागायची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. "तवा उगाच नको म्हनलो. वाटलं, तू आग्रह करशील."

आता जागा नाही म्हणेल, थंडी फार आहे म्हणेल, असं वाटून आबांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"मला वाटलं, तुमी रागावलाय," ओंकार म्हणाला. "आईच्या मातीला मला पोचता आलं न्हाई म्हनून. पुन्हा विचारायची छातीच झाली न्हाई, आबा."

"रागावलो हुतोच," आबा म्हणाले. "पन म्हनून काय पोराकडं यायचं न्हाई व्हय?"