ताईची भाषा

मिस्त्रींचा सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांत गेला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत माणसं ओरडतायत, वर मालक ओरडतोय, अशा वेळी त्यांचं डोकं थंडगार चालायचं. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, ब्रेक चिकटलाय की दोर सैल पडलाय. पण हॉटेलातलं मेनूकार्ड हातात आलं की तेच डोकं ठप्प व्हायचं आणि काही केल्या जागचं हलायचं नाही.

ही पीडा लेकीने मागे लावली होती. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्यापासून तिने नियमच करून टाकला: महिन्यातून एका रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून एका नव्या देशाचं जेवण जेवायचं. शहरात तसली हॉटेलं भराभर निघत होती, तिला निवडायला तोटा नव्हता. सगळे म्हणजे मिस्त्री, त्यांची बायको, लेक आणि मिस्त्रींचा जुना दोस्त इंजिन. इंजिनने लग्न केलं नव्हतं, उभी हयात बस चालवण्यात घालवली होती, आणि एकदा बोलायला लागला की तो कुठल्या थांब्यावर थांबत नसे, म्हणून त्याचं नाव इंजिन.

मिस्त्रींची या दौऱ्यांत शोभा व्हायचीच. इथिओपियाच्या जेवणात मऊ, राखाडी काहीतरी गुंडाळून पुढे आलं, ते त्यांनी झटकून मांडीवर पसरलं. सगळे बघत राहिले तेव्हा कळलं, ती रोटी होती. व्हिएतनामी हॉटेलात वाडग्याबरोबर ताटभर पाला आला, तर ते वेटरला म्हणाले, "हा कोणासाठी?" लेक हसून हसून लाल व्हायची. बायको मात्र पुढ्यात येईल ते खायची, "छान आहे" म्हणायची आणि हातरुमालाची घडी करत बसायची. तिला सवयच होती घड्या घालायची. इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती ती. दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले.

अलीकडे तर ती फारच गप्प झाली होती. मिस्त्रींनी तिचं ब्लडप्रेशर तपासून घेतलं. ते ठीक निघालं, तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला.

त्या रविवारी लेकीने जॉर्जियाच्या जेवणाचं काढलं. हॉटेल नवं होतं, पूर्वी तिथे चपलांचं दुकान असावं. भिंतीवर अजून त्याच तिरक्या फळ्या होत्या आणि त्यांवर आता बरण्या मांडल्या होत्या. काउंटरच्या मागे एक पांढऱ्या मिश्यांचा, दांडगा म्हातारा पीठ लाटत उभा होता. वाढायला त्याची मुलगी होती, काळ्या वेणीची, तिशीतली असेल.

आत पाऊल टाकलं आणि बायको दारातच थबकली.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण खुर्चीत बसल्यावरही ती मेनूकार्डाकडे न बघता काउंटरमागच्या बोलण्याकडेच कान लावून बसली.

लेकीने मागवलेली डिश आली: पिठाच्या मोठ्या पुरचुंड्या, वर चुण्या घालून गाठ बांधलेल्या, वाफाळणाऱ्या. इंजिन तेव्हा रस्ते खणणाऱ्या लोकांवर बोलत होता, त्यामुळे कसं खायचं ते वेणीवालीने सांगितलं असेल तर कोणालाच ऐकू गेलं नाही. मिस्त्रींनी शहाण्या माणसासारखा काटा रोवला, सुरी घेतली आणि पुरचुंडी मधोमध कापली. आत गरम रस्सा होता. तो एका दमात ताटभर झाला, ताटातून टेबलावर आला आणि टेबलावरून त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"वाइमे!" वेणीवाली मागून म्हणाली आणि काउंटरकडे वळून आपल्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला.

आणि मिस्त्रींची बायको खो खो हसली.

मिस्त्रींना वाटलं, शर्टाला हसतेय. पण ती खुर्चीत मागे वळली आणि त्या मुलीला त्याच भाषेत, घशातून खरखर काढत, काहीतरी ठसक्यात म्हणाली. वेणीवालीच्या हातातला जग तसाच राहिला. मग ती ओरडली, "मामा! मामा!"

म्हातारा पिठाच्या हातांनी बाहेर आला. बायको उठून उभी राहिली. तीही काहीतरी बोलत होती आणि तिच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा मामा, मामा येत होतं. म्हाताऱ्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. दोघांचे डोळे भरून आले.

इंजिनसुद्धा बंद पडला होता.

"मिस्त्री," शेवटी तो कुजबुजला, "हे वहिनींचे मामा?"

"वेडा झालास का? तिचे मामा आमच्या लग्नाआधीच वारले. मी फोटो बघितलाय."

"मग हे दुसरे असतील."

मिस्त्रींनी मनात सासुरवाडीची सगळी माणसं ओळीने उभी केली. त्यात पांढऱ्या मिश्यांचं, पीठ लाटणारं कोणीच नव्हतं. ते लेकीकडे बघायला लागले, तर लेक त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी या बाईशी संसार केला होता, तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं होतं, ती झोपेत काय बडबडते तेही त्यांना पाठ होतं. आणि ती समोर उभी राहून एका परक्या माणसाशी असं बोलत होती, की त्यातलं एक अक्षर त्यांना कळू नये!

"आई," लेक म्हणाली, "तू कुठली भाषा बोलतेयस?"

बायको भानावर आली. तिचा चेहरा त्यांच्यापेक्षा जास्त गोंधळलेला होता.

"अगं, मलाच कळत नाहीये," ती म्हणाली. "ही तर ताईची भाषा आहे. यांना कशी येते?"

वेणीवाली खळखळून हसली आणि खुर्ची ओढून शेजारीच बसली. "आमचीच भाषा आहे ती. जॉर्जियन. पण तुम्ही डोंगरातल्या म्हाताऱ्या आजीसारखं बोलता! तुम्ही मला काय म्हणालात माहितीये? म्हणालात, मुली, माझ्या नवऱ्याला राहू दे, त्याची चारही टोकं कधी जुळत नाहीत."

"चादर घडी करताना ताई समोरून असंच म्हणते, तिच्याकडूनच शिकले मी," बायको ओशाळून म्हणाली. "आणि जॉर्जिया कसं असेल? ताई तर साकार्तवेलोची."

"आम्ही आमच्या देशाला साकार्तवेलोच म्हणतो, देइदा, म्हणजे मावशी. बाकीचं जग जॉर्जिया म्हणतं."

"म्हणजे ते दोन्ही एकच?" बायको खुर्चीत मटकन बसली. "बाई गं! आणि मला वाटत होतं, ही भाषा आता इथे मला एकटीलाच येते."

"आणि हे मामा?" इंजिनला राहवलं नाही.

"मामा म्हणजे वडील," बायको म्हणाली. " मी तिला विचारत होते, तुझे वडील कुठल्या गावचे."

"वडिलांना मामा? मग मामाला काय म्हणतात?"

त्या प्रश्नाकडे कोणी लक्ष दिलं नाही. मिस्त्रींच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. ताई. धुलाईतली ताई. हे नाव त्यांनी वर्षानुवर्षं जेवताना ऐकलं होतं. ताईचे गुडघे, ताईच्या घरावरचा द्राक्षाचा वेल, ताईचा मुलगा. आमटीबरोबर ताई कानावर पडायची आणि आमटीबरोबरच संपायची. ताई परदेशातली असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ताई वारली होती. थंडी सरत असताना. त्यांना ती संध्याकाळ स्वच्छ आठवत होती. बायको कामावरून आली, चपला न काढताच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई गेली हो."

"अरेरे! कधी?"

"सकाळीच. मुलगा आला होता न्यायला."

"मुलगा जवळ होता, ते बरं झालं. फार त्रास काढला का?"

"गुडघ्यांनी जेर केलं होतं तिला. आता सुटली म्हणायची."

"सुटली बिचारी," मिस्त्री म्हणाले होते. उठून त्यांनी टीव्ही बंद केला होता, स्वतःच्या हाताने चहा केला होता आणि बायकोच्या शेजारी बराच वेळ काही न बोलता बसून राहिले होते. आपल्यापरीने त्यांनी चांगलंच दुःख केलं होतं.

आता म्हणूनच त्यांना भडभडून आलं. बिचारीची मेलेल्या बाईची भाषा अचानक हॉटेलात भेटली! त्यांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात वेणीवाली म्हणाली, "मग तुमच्या ताईंना लावा ना फोन. आत्ता!"

मिस्त्रींना धक्काच बसला. थट्टेलाही काही सुमार असतो. पण बायकोने मुकाट्याने पर्समधून फोन काढला. "लावला की आम्ही दोघी नुसत्या रडतो," ती म्हणाली, "म्हणून हल्ली लावतच नाही."

फोन वाजला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग एक गोल, सुरकुतलेला, गुलाबी चेहरा.

"गोगो!" तो चेहरा ओरडला.

"ताई!" बायको ओरडली.

पुढची काही मिनिटं त्या टेबलावर नुसता कालवा होता. ताई बोलत होती, बायको बोलत होती, वेणीवाली मध्ये बोलत होती, म्हातारा पिठाचा हात हलवून दाखवत होता. मग बायकोने फोन मिस्त्रींकडे वळवला. पडद्यातून ताईने त्यांना वर-खाली नीट न्याहाळलं आणि हसून हात केला.

मिस्त्रींचा हात वर गेला नाही.

"ह्या... ह्या वारल्या होत्या ना?" ते म्हणाले.

"कोण?" बायको म्हणाली.

"तूच म्हणालीस! ताई गेली म्हणालीस."

"गेली म्हणजे गावाला गेली! काम सुटलं तिचं. मुलगा न्यायला आला होता, सांगितलं नव्हतं का मी?"

लेकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण हसू काही आवरेना. इंजिनने कपाळाला हात लावला. बायको मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही टीव्ही बंद केलात," ती हळू म्हणाली, "चहा केलात... ते ती मेली असं समजून?"

"मग काय तर!"

"आणि मी इतके महिने म्हणतेय, काही का असेना, माझी मैत्रीण लांब गेली तर या माणसाला किती कळलं."

मिस्त्रींना आपण चुकलो असंही वाटेना आणि बरोबर होतो असंही वाटेना. बाई जिवंत निघाली याचा आनंद मानावा, तर तो मानायची ही वेळ आहे का, तेही उमगेना. फोनमधली ताई विचारत होती, काय झालं, काय झालं. बायकोने तिला सांगितलं. ताई अशी हसली, की हॉटेलातली दुसऱ्या टेबलांवरची माणसंही वळून बघायला लागली. हसता हसता ती काहीतरी म्हणाली. वेणीवालीला सांगावं की नाही असं झालं, पण मिस्त्री म्हणाले, "सांग, सांग."

"त्या म्हणतात, मेल्यावर माझ्यासाठी टीव्ही बंद केलात, ही मोठीच गोष्ट. पण जिवंत असताना एकदा तरी घरी जेवायला बोलवायचं होतं."

आता बायकोही हसली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि ते मात्र तिने पुसले नाहीत.

म्हाताऱ्याने पुरचुंड्यांचं नवं ताट स्वतः आणून ठेवलं. वरची गाठ चिमटीत कशी धरायची, खालून छोटा घास घेऊन रस्सा आधी कसा ओढून घ्यायचा, हे बायकोने नवऱ्याला दाखवलं. हेही तिला ताईने तोंडीच शिकवलेलं होतं, धुलाईत, ओल्या चादरीचं टोक चिमटीत धरून. मिस्त्रींनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली. सांडली नाही. चव चांगली होती, पण त्यांचं लक्ष चवीत नव्हतं.

बाहेर पडल्यावर लेक तिच्या मैत्रिणीकडे गेली, इंजिन त्याच्या बसने गेला. मिस्त्री आणि बायको थांब्यावर उभे राहिले.

"गोगो म्हणजे काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"मुलगी. पोरगी."

"तुला? या वयात?"

"ती मोठी आहे माझ्याहून," ती म्हणाली. "दुसरं कोण म्हणतं आता मला पोरगी?"

मिस्त्रींनी मान हलवली. मग घसा साफ करून ते म्हणाले, "तुमच्या धुलाईत आणखी कोण कोण आहे?"

तिने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. "कशाला?"

"असंच. सांग."

"मशीनवर उंच आहे, तिला सगळे उंचच म्हणतात. तिची बहीण आधी इस्त्रीवर होती, ती आता गेली."

"कुठे गेली?" मिस्त्रींनी घाईघाईने विचारलं.

"वरच्या मजल्यावर. शिवणकामाच्या खोलीत."

"असं स्पष्ट सांगत जा. मग उंचच्या जागी कोण आलं?"

"उंच आहे हो तिथेच! तिची बहीण गेली."

"बहीण शिवणात. बरं. मग तुझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक आता कोण धरतं?"

बस आली, दार उघडलं, बंद झालं आणि निघूनही गेली. दोघांपैकी कोणीच हात केला नव्हता.

"एक नवी आहे," ती म्हणाली. "फार बोलत नाही. कुठली आहे कोण जाणे."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही," बायको म्हणाली, आणि हे आपलं आपल्यालाच नवल वाटल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत राहिली. "नाही विचारलं."

पुढची बस यायला वेळ होता. ती बाकावर बसली, तेही शेजारी बसले. "बरं, पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "उंच म्हणजे कुठली?"