छपरापाशी थांबलेली गोष्ट

"फक्त दाढी करायची. देवाधर्माचं एक अक्षर काढायचं नाही," मास्तरांच्या मुलानं दारातच बजावलं. "बाबांना त्रास नको."

"नाही काढणार," न्हावी म्हणाला आणि पेटी घेऊन आत शिरला.

हे त्यानं कबूल करणं म्हणजे माशानं पोहणार नाही म्हणण्यासारखंच होतं. अठरा वर्षं त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला येशूची गोष्ट ऐकावी लागे. एकदा गालाला फेस लागला की माणूस जाणार कुठे? त्यात त्याची एक खोड होती. गोष्ट ऐन रंगात आली की तो टॉवेल झटकून म्हणायचा, "उरलेली पुढच्या दाढीला." या खोडीनं काही गिऱ्हाइकं पळाली, काही टिकली, रविवारच्या प्रार्थनेला मात्र कधी कुणी फिरकलं नाही. "अहो, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे," बायको म्हणायची. "मग घडा सुलटा होईपर्यंत ओतायचं," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

सगळ्यांत चिवट मास्तर. जन्मभर गणित शिकवलेले, देवावर काडीचा विश्वास नाही. पण एक दिवसाआड हजर, आणि प्रत्येक गोष्टीत चूक काढणार. तीन महिन्यांपूर्वी लुळ्या माणसाची गोष्ट चालली होती. चौघांनी त्याला खाटेसकट येशूकडे आणलं, दारात ही गर्दी, म्हणून त्यांनी घराचं छप्पर उचकटलं. इथं न्हाव्यानं टॉवेल झटकला. वर, "मास्तर, वय झालं, देवाला आणखी किती टाळाल?" असंही बोलून गेला.

त्यानंतर मास्तर आलेच नाहीत. आपल्या जिभेनं माणूस तोडला, हे त्याला रोज खात होतं. काल मुलाचा निरोप आला तेव्हा कळलं, दुसऱ्याच दिवशी मास्तरांना अर्धांगवायू झाला होता. ऐकून त्याला आधी हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

मास्तर उशांना टेकून बसले होते. डावी बाजू गेलेली, तोंड किंचित वाकडं. न्हाव्यानं निमूटपणे उजवा गाल साफ केला, मग लुळा गाल बोटांनी ताणून धरला.

"मुका झालास?" मास्तर जड जिभेनं म्हणाले.

"मुलाला शब्द दिलाय तुमच्या."

"घर माझं आहे. छप्पर उचकटलं. पुढे?"

न्हाव्यानं वस्तरा गालावरून उचलला. पुढे तो लुळा माणूस उठून चालू लागतो. हे यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसरीच गोष्ट घुसडावी, तर मास्तरांच्या ध्यानात सगळं होतं. त्यानं दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"सांगा," मुलगा हळूच म्हणाला. "आमच्याशी इतकंसुद्धा बोलत नाहीत हो ते."

"येशूनं आधी त्याच्या पापांची क्षमा केली," न्हावी म्हणाला, "आणि मग उठवलं. खाट उचलून तो चालत घरी गेला." त्यानं वस्तरा पुसला. "तुम्हाला उठवेल की नाही, मला ठाऊक नाही, मास्तर. खोटं कशाला बोलू?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं.

"छप्पर मग कुणी दुरुस्त केलं?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"बघ. चूक."

न्हाव्याला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. माणूस तुटला नव्हता. त्यानं बाहीनं डोळे पुसले, हनुवटीखाली नव्यानं फेस लावला आणि आजवर ज्याला फक्त "नको" हेच उत्तर मिळालं होतं ते विचारलं.

"तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

"कर," मास्तर म्हणाले. "पण डोळे उघडे ठेव. वस्तरा गळ्याशी आहे माझ्या."

न्हाव्यानं डोळे उघडे ठेवले आणि गळ्यावरचे पांढरे केस हलक्या हातानं उतरवत, मोठ्यानं प्रार्थना केली.