लगतचे घर घ्यावे

साक्षीला त्या अहवालाची किळस आली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली किती पोरं शाळा सोडतात याची पाहणी, आणि जिंतूर तालुक्यातल्या या गावापुढं आकडा शून्य. शून्याला हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप तोडीवर असताना पोरांना गावातच ठेवायची सोय, मिळत नाही. मंजुरीची बैठक उद्या होती.

पाहणीचा नमुना तिनंच आखला होता. आधी तालुके, मग गावं, गावात दर सातवं घर. महिनाभर डोकं शिणवलं आणि या गावची पाहणी करणाऱ्या भागवतनं चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरले असणार. त्याला झापायलाच ती परभणीहून तणतणत आली होती.

भागवत तिला वस्तीत घेऊन गेला. सातव्या घराला कुलूप. चौदाव्यालाही. एकविसाव्याच्या कुलपावर कोळ्याचं जाळं.

"मग माहिती कुणाची भरली?"

"शेजारच्यांची. हे दुकानदार, ते शिक्षक. त्यांची पोरं शाळंत जायलेत की."

"लाज नाही वाटली?"

भागवतनं पिशवीतून सूचनांची पुस्तिका काढली. नियम नववा : घर बंद असल्यास लगतचे घर घ्यावे. खाली साक्षीची सही.

"म्या तीन डाव फोन केल्ता, मॅडम. लय घरं बंद हायेत म्हणलं. तुमी म्हणलात, नियमात हाय तसं करा."

म्हणाली होती खरी, बैठकीच्या गडबडीत, वैतागून. दिवाळीनंतर इथली निम्मी घरं कारखान्यावर असतात, हे तिच्यासारख्या जिंतूरच्याच पोरीला कुणी सांगायला हवं होतं? तिला स्वतःची शिसारी आली.

समोरच्या ओट्यावरून मालनबाई उठली. या कुलूपबंद घरातली राणी तिच्या पुतण्याची पोर. "सातवीत व्हती. दप्तर माझ्यापाशी ठिवून गेली. वसतिगृह झालं की बोलव म्हणली."

साक्षीनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "नियम माझा चुकलाय, सर. अहवाल मागं घ्या."

साहेब हसले. "आकडे तुमच्याच पद्धतीनं आलेत, मॅडम. आता काय कुलपांना विचारणार? पुढच्या पाहणीत बघू." फोन बंद झाला.

पुढची पाहणी तीन वर्षांनी. तोवर राणीचं लग्नही लावून टाकतील.

मालनबाईनं खुंटीवरचं दप्तर काढून आणलं होतं. पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत तिनं विचारलं, "मग बाई, पोरीला काय सांगू?"