रिकाम्या खोलीतली लाईट

शिंगणापुरात चोरीची भीती नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण तिथं मदतीची भीती किती, हे १९९९ साली एकट्या जयमालेला ठाऊक होतं.

गावच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर तिनंच आणवले. आधी सगळी माहिती एकाच कॉम्प्युटरच्या म्हाताऱ्या डिस्कवर होती. एका सभासदाचं नाव सापडेपर्यंत मागच्या दहाजणांचं दूध उन्हात तापायचं. मग जयमालेनं मागच्या खोलीत तीन जुनी मशिनं वायरीनं जोडली आणि सभासदांची नावं, फॅट, सगळं त्यांच्या मेमरीत वाटून ठेवलं. दूध घ्यायच्या खिडकीवर सभासदाचा नंबर दाबला, की ज्या मशिनाकडे ते नाव असेल ते झटक्यात उत्तर देई. अडचण एकच होती. मशीन बंद झालं की मेमरी कोरी, आणि ती पुन्हा भरण्यात सकाळ जाई.

आणि मशीन बंद होईच. गावच्या रीतीप्रमाणे खोलीला चौकट होती, दार नव्हतं. मशिनाच्या पडद्यावर उजेड आहे आणि माणूस नाही, असं दिसलं की जाणारा-येणारा आत शिरून बटणं दाबून टाकी. यात बायडाबाई पहिली. शेजाऱ्याच्या रिकाम्या घरात चूल पेटती दिसली तर विझवायची, लाईट दिसली तर घालवायची, हा तिचा जन्माचा शिरस्ता. दोनदा दूध नासलं. जयमालेच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? बायडाबाईच्याच ओसरीवर ती लहानाची मोठी झाली होती.

चेअरमन कारभारीअण्णांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "पोरी, आता आनिक एकदा दूध नासलं, तर ही खोकी जिथनं आली तिथं जातील. अन् तुझी नोकरीबी जाईल. माझा इलाज न्हाई."

मशिनं पुरवणारा चेतन नगरहून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणंही तसंच. "मशिनांवर विंडोज एनटी सिस्टिम आहे ती योग्यच आहे. खोलीला दार बसवा आणि कुलूप घाला."

"दार?" अण्णांनी कानाला हात लावले. "ह्या गावात?"

"मग दुसरा उपाय नाही."

"आहे," जयमाला म्हणाली. "लिनक्स टाकते. एनटी स्वतःच निम्मी मेमरी खाते, नावांना जागा उरत नाही. शिवाय तिला बारीकसारीक कामाला पडदा लागतो. लिनक्सला लागत नाही, खिडकीवर बसून वायरीनं हुकूम देता येतो."

चेतन हसला. "फुकटची सिस्टिम! बिघडली तर जाब कुणाला विचाराल?"

"मला विचारा," जयमाला म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला होता.

मैत्रिणीनं पुण्याहून पाठवलेली सीडी तिनं लावली. पहिल्यांदा मशिनं एकमेकांना ओळखीनात. दुसऱ्यांदा एकानं ओळख दाखवली, दोन रुसून बसली. जयमालेनं पुन्हा पुसलं, पुन्हा टाकलं. रडू आलं तेव्हा रडून घेतलं आणि परत बसली. शेवटी तिन्ही बोलू लागली, तेव्हा तिनं त्यांचे पडदे नि कीबोर्ड काढून टाकले आणि मशिनं उंच फळीवर, रिकाम्या कॅनांच्या मागं सरकवली.

अण्णा डोकावले. "बंद पडली व्हय गं?"

"चालू हायेत अण्णा. नुसती दिसत न्हाईत."

सोमवारी सकाळी रांग पार रस्त्यापर्यंत गेली. जयमाला खिडकीवर बसून नंबर दाबत होती. तेवढ्यात मागच्या खोलीत ओळखीच्या वहाणा वाजल्या आणि पाठोपाठ बटणाचा खट् आवाज आला. समोर रखमाजी कॅन घेऊन उभे होते. तिनं त्यांचा नंबर दाबला.

नाव आलं. फॅटही आलं. मागच्याचंही आलं.

बायडाबाई पदराला हात पुसत खिडकीशी आली. "जयमाले, खोलीत कुनी न्हाई अन् छताची लाईट जळत हुती. म्या घालवली बग."

"लई बरं केलंस मावशी," जयमाला म्हणाली, आणि या वेळी ते मनापासून होतं. "रोज घालवत जा."