चौथी आकृती

रमाकांत मास्तरांनी कापूस झाडण्याच्या यंत्राच्या तीन आकृत्या सकाळीच पुऱ्या केल्या होत्या. चौथी मात्र हातून उतरत नव्हती. काढायला ती सर्वांत सोपी होती: लाकडी पिंपाच्या आतल्या दांड्यावर कातड्याच्या वादीने सैल टांगलेल्या बांबूच्या कामट्यांपैकी एक कामटी. दांडा फिरला की कामटी कापसावर आपटे आणि लगेच मागे हटे. पत्ती, काड्या, माती खालच्या जाळीतून गळून जात. धागा तुटत नसे की सरकी फुटत नसे. यंत्राचे सारे मर्म त्या हातभर वादीत होते, आणि ती वादी रमाकांतांना चार वर्षांत सुचली नव्हती.

बुलढाण्याच्या शाळेत ते चित्रकला आणि विज्ञान शिकवीत. पुण्यात इंजिनियरिंगची दोन वर्षे झाली होती. वडील गेल्यावर ते शिक्षण सुटले. पण एखादे तरी यंत्र आपल्या नावावर नोंदले जावे ही इच्छा सुटली नाही. वऱ्हाडचा कापूस पत्तीमुळे बाजारात मार खातो, हे पाहून त्यांनी कापूस झाडणारे यंत्र योजले. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीतून कायद्याची पुस्तिका मागवली, तांबड्या पेन्सिलीने कलमे अधोरेखित केली. सांगाडा करायला देऊळघाटचा कडूबा सुतार बोलावला. रमाकांतांच्या यंत्रात लोखंडी दाते होते. ते कापूस झाडत नसत, फाडत. तिसऱ्या खेपेला कडूबा म्हणाला होता, "मास्तर, हे लोखंड लई कडक होऊन राह्यलं. माय सूप कशी पाखडते? मनगट ढिलं ठेवते." रमाकांत हसले होते. पुढच्या उन्हाळ्यात कडूबाने आपल्या पडवीत स्वतःचे यंत्र उभे केले, आणि ते चालले.

आता त्याच यंत्राचा अर्ज रमाकांत लिहीत होते, कारण कडूबाला इंग्रजी येत नव्हते आणि तालुक्यात अशा आकृत्या काढणारा दुसरा कोणी नव्हता. नाही म्हणता आले असते. पण नाही म्हटले असते तर लोकांना कारण कळले असते.

प्रतिमाबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात वाती ठेवलेले पान होते.

"कडूबानं परवा ठेवला होता ना मूठभर कापूस, त्याच्या वाती वळल्या," त्या म्हणाल्या. "एक काडी लागली नाही हाताला. तुमच्या यंत्राचा कापूस टोचायचा हो."

"गेल्या सालचा कापूस आहे तो. आधीच वेचून घेतला असेल."

"असेल," असे म्हणून प्रतिमाबाईंनी वाती देवघरात नेल्या.

रमाकांतांनी चौथी आकृती काढली. ती इतकी सुरेख उतरली की त्यांना तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कडूबा सही करायला आला. चाळिशीचा, उंच, डाव्या कानामागे पेन्सिल खोचलेली. धोतराला लागलेला भुसा त्याने ओसरीखालीच झटकला.

"बसा," रमाकांत म्हणाले. "तुम्ही अर्जदार आहात."

"हे अर्जदार म्हंजे काय, सासऱ्यापरी मान हाये का?" कडूबा हसत टेकला. मग आकृत्या पाहू लागला. चौथ्या आकृतीवर त्याने बोट न टेकवता हवेतच फिरवले. "हे माहं हाये? कागदावर तर साहेबाचं वाटून राह्यलं. मास्तर, एक पुसू का?"

"विचारा."

"दोघाचंबी नाव टाका ना. पहिला सांगाडा तुमचाच होता. मी त्यालेच पाहून शिकलो."

हे त्याने तिसऱ्यांदा विचारले होते. संयुक्त अर्ज कायद्यात बसत होता. पण सुताराने देऊ केलेले अर्धे नाव घ्यायचे, आणि ते त्याने आपण होऊन दिले हे जन्मभर आठवायचे?

"नाही. खरा आणि पहिला शोधक एकच असतो," ते म्हणाले. "या ओळीत तुम्ही तेच सांगता. इथे सही करा."

"अन् हे खालतं काय लिवलं?"

खाली लिहिले होते की अर्जदाराच्या माहितीप्रमाणे पेटंट मिळण्यास कोणतीही कायदेशीर हरकत नाही.

"तीही त्याच अर्थाची ओळ आहे," रमाकांत म्हणाले.

कडूबाने जीभ दातात धरून, एकेक अक्षर रंधा मारल्यासारखे ओढीत सही केली. कागद लिफाफ्यात गेले. रमाकांत म्हणाले, "उद्या रजिस्टरनं टाकतो."

"उद्या नोका टाकू, बाप्पा," कडूबा हात पुढे करून म्हणाला. "नवमी पंधरा दिसावर आली. पूजा झाल्याबिगर नवं हत्यार मी कोनाले दाखवत नाई, अन् सरकारात तर नाईच नाई. माह्या बापानं वाकस केली तरी पहिले हळदकुंकू, मंग लाकडाले लावे. नवमीले पूजा करू, गावासमोर मशीन चालवून पह्यला घान काढू, दसऱ्याले कागद पाठवू."

रमाकांतांचा हात लिफाफ्यावरच राहिला.

तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलेले एक कलम त्यांना पाठ होते. अर्ज दाखल होण्याआधी यंत्र चारचौघांत चालवले गेले, तर ते नवे राहत नाही. पेटंट मिळत नाही आणि मिळाले तरी टिकत नाही. स्वतःच्या यंत्रावर ते चार वर्षे शेजाऱ्याची नजरही पडू देत नसत, ते यामुळेच. एक वाक्य पुरले असते: कडूबा, पूजा करा, पण दांडा फिरवू नका. किंवा, कागद आधी जाऊ द्या.

"गावासमोर म्हणजे किती लोक?" त्यांनी विचारले.

"हिंमतराव पाटलाले सांगितलं. ते आले म्हंजे सारं गाव आलंच. अन् नारळ तुमीच फोडा, मास्तर. हे पह्यलेच सांगून ठेवतो."

"बरं," रमाकांत म्हणाले.

कडूबा गेल्यावर त्यांनी पुस्तिका कपाटातून काढली, कलम पुन्हा वाचले आणि कपाटात सर्वांत खाली ठेवली. आपण काहीच केलेले नाही, असे त्यांनी मनाशी म्हटले. विचारले असते तर सांगितले असते.

पंधरा दिवस ते सांगणार होते. रोज सांगणार होते. पण शाळेत हेडमास्तरांनी विचारले, "काय हो, तुमचा तो सुतार पेटंट घेतो म्हणे?" आणि बाकीचे शिक्षक हसले. ते कडूबाला हसले की आपल्याला, हे रमाकांतांना ठरवता आले नाही. त्या दिवशीही सांगायचे राहिले.

खंडेनवमीला ते बैलगाडीने देऊळघाटला गेले. कडूबाच्या अंगणात सारवून रांगोळी घातली होती. वाकस, करवत, रंधा, किकरे ही हत्यारे पाटावर मांडली होती, त्यांच्यामागे यंत्र. त्याला झेंडूची माळ आणि आंब्याचा टहाळा. हिंमतराव पाटील खाटेवर बसले होते. त्यांच्याबरोबर कापसाचा एक दलालही आला होता. कडूबाची बायको शालूबाई हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभी होती. तिच्या अंगावर नवे लुगडे होते.

"काय बे कडू," पाटील म्हणाले, "मशीन चालन का लाजन?"

"लाजन कायले पाटील, तुमाले पाह्यची सवय हाये तिले," कडूबा म्हणाला. अंगण हसले.

रमाकांतांच्या हातात नारळ दिला गेला. नारळ फुटेपर्यंत दांडा फिरणार नव्हता. इतका वेळ अजून हातात होता. कडूबाला बाजूला घेऊन कानात सांगता आले असते. काही निमित्त काढून त्याने लोकांना वाटेला लावले असते. रमाकांतांनी पाहिले: कडूबा त्यांच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत इतका साधा आनंद होता की तो त्यांना सहन झाला नाही. असा आनंद आपल्या वाट्याला एक दिवसही आला नव्हता. पुण्यातून परतताना नाही, चार वर्षांत कधीच नाही.

त्यांनी नारळ दगडावर आपटला. तो पहिल्याच घावाला सरळ दोन भाग झाला. शालूबाई म्हणाली, "चांगला फुटला."

कडूबाने पहिल्या वेचणीचा कापूस पिंपात घातला आणि दांडा फिरवला. कामट्यांचा मऊ फटफट आवाज अंगणभर झाला. खाली पत्ती पडत गेली. दलालाने पुढे होऊन स्वच्छ कापूस चिमटीत धरला, धागा ओढून पाहिला आणि तो रुमालात बांधून घेतला.

दसऱ्याला लिफाफा कलकत्त्याला गेला.

पुढच्या वर्षी आषाढात कलकत्त्याहून अर्ज स्वीकारल्याचे पत्र आले. कडूबाने ते देवघरात लावले. शाळेत अभिनंदन रमाकांतांचे झाले आणि त्यांनी ते घेतले. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर पेटंटवर मोहोर बसणार होती. रमाकांत दिवस मोजत होते. कोणी हरकत घेऊ नये असे त्यांना वाटे, आणि घ्यावी असेही.

मुदत संपायला दहा-बारा दिवस असताना कडूबा लांबट लिफाफा घेऊन आला. भाद्रपदातली संध्याकाळ होती. प्रतिमाबाई ओसरीवर भाजी निवडत होत्या.

"पोस्टमन म्हने कलकत्त्याचं हाये. मोहोर हाये का त्याच्यात?"

रमाकांतांनी पत्र वाचले. एका जिनिंग कारखान्याच्या मालकाने हरकत नोंदवली होती. अर्जाच्या आदल्याच दिवशी, देऊळघाट येथे, चाळीसेक लोकांसमोर यंत्र चालवले गेले. सोबत नवमीला आलेल्या त्या दलालाचे प्रतिज्ञापत्र. रमाकांतांनी ते मराठीत सांगितले. सांगताना आवाज कोरडा ठेवला.

"म्हंजे पूजाच नडली," कडूबा म्हणाला. "आधी चालवू नये, असा कायदाच हाये?"

"आहे."

"जाऊ द्या. तुमाले तरी कसं ठाऊक असन, मास्तर. वकिलायचं काम हे."

प्रतिमाबाईंचा हात भाजीवर थांबला. कपाटातली पुस्तिका त्यांनी अनेकदा पुसून ठेवली होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, आणि भाजीची टोपली उचलून त्या आत गेल्या.

"उत्तर देता येईल," रमाकांत घाईने म्हणाले. "लिहू की यंत्र नुसतं पूजेला मांडलं होतं, फिरवलं नाही. पाटील आपण सांगू तशी साक्ष देतील. सारं गाव देईल. त्यांचा एक माणूस, आपले चाळीस."

कडूबाने मान हलवली. "देवापुढं चालवलं अन् नाई चालवलं म्हनू? चाळीस मानसायले खोटं बोलाले लावू? नाई मास्तर. खरं लिवा. चालवलं म्हना."

पेटंट त्याच्या हातून चालले होते, तरी हा माणूस आपल्यापेक्षा वरच बसला होता. रमाकांतांना तो जुना हेवा पुन्हा वाटला. या वेळी त्यात लाज होती. त्यांनी दौत पुढे ओढली. इंग्रजीत लिहिले: हरकतीतील मजकूर खरा आहे. अर्जदारास हा नियम ठाऊक नव्हता. मग लेखणी थांबली, आणि त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

"वाचून दाखवा," कडूबा म्हणाला.

रमाकांतांनी पहिली ओळ सांगितली, दुसरी सांगितली. तिसरी गाळता आली असती. कडूबाला कळले नसते.

"तिसरी ओळ अशी आहे," ते म्हणाले. "ज्याने अर्ज लिहिला, त्याला हा नियम पहिल्यापासून ठाऊक होता, आणि त्याने तो अर्जदारास सांगितला नाही."

आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

"नारळ फोडला तवाबी ठाऊक होतं?" कडूबाने विचारले.

"तेव्हाही."

"काऊन, मास्तर?"

टेबलावर आकृत्यांची नक्कल पडली होती. रमाकांतांनी चौथ्या आकृतीवर बोट ठेवले. "ही मला सुचायला हवी होती."

कडूबाने आकृतीकडे पाहिले, जणू तिच्यात असे काय आहे हे पहिल्यांदाच तपासतो आहे. "म्या सांगितलं होतं ना तुमाले," तो हळू म्हणाला. "मनगट ढिलं ठेवा म्हनून. तुमी हसले." मग विचारले, "ह्या तिसऱ्या ओळीनं पेटंट वाचन का?"

"नाही."

"मंग खोडा ते. तुमची इज्जत कलकत्त्याले धाडून मले काय भेटते? मले सांगाचं होतं, ते तुमी सांगितलं." तो उठला. ओसरीच्या कोपऱ्यात रमाकांतांचा जुना सांगाडा दुरुस्तीला म्हणून त्याने खोलून ठेवला होता, शेजारी त्याची वाकस आणि किकरे होती. ती त्याने पुसून पिशवीत भरली. सांगाडा तसाच राहू दिला. पायरीवर जाऊन वळला.

"दहा दिसावर नवमी हाये," तो म्हणाला. "तुमी येऊ नोका."

तो गेल्यावर रमाकांतांनी कोरा कागद घेतला. हरकतीतील मजकूर खरा आहे, अर्जदारास हा नियम ठाऊक नव्हता, असे सुवाच्य अक्षरात लिहिले. तिसऱ्या ओळीच्या जागी त्यांनी तारीख घातली. मग पत्र सहीसाठी देऊळघाटला कोणाच्या हाती पाठवावे, याचा विचार करीत ते बराच वेळ ओसरीवर बसून राहिले.